हेलिकॉप्टर उडवायचंय? आधी जमिनीवरचं शिक्षण: ग्राउंड स्कूलमध्ये नेमकं काय शिकवतात

निवडणुका आल्या की बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगावच्या मैदानांवर एक ठरलेलं दृश्य दिसतं. मैदानावर चुन्याने मोठा ‘एच’ काढला जातो. धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारलं जातं. वारा कुठून येतोय ते वरून कळावं म्हणून एका कोपऱ्यात धूर केला जातो. मग हेलिकॉप्टर येतं, नेता उतरतो, सभेकडे जातो आणि गर्दीतली निम्मी पोरं सभा सोडून हेलिकॉप्टरभोवतीच थांबतात.

त्यातल्या काहींच्या डोक्यात तेव्हाच एक प्रश्न येतो. हे आपल्याला चालवता येईल का? मग मोबाईलवर शोध सुरू होतो. ‘दहावी पास? पायलट व्हा’ अशा जाहिराती समोर येतात आणि त्यात एक शब्द सारखा दिसतो, ‘ग्राउंड स्कूल’ किंवा ‘ग्राउंड क्लासेस’.

हे ग्राउंड स्कूल म्हणजे काय, तिथे काय शिकवतात आणि ते केल्यावर हातात काय मिळतं, हे पैसे भरण्याआधी माहीत असलेलं बरं.

आधी लायसन्सचा घोळ मिटवू

भारतात पायलटचं लायसन्स डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. त्यात विमानाचं लायसन्स वेगळं आणि हेलिकॉप्टरचं वेगळं. विमानाचं लायसन्स आहे म्हणून हेलिकॉप्टर उडवता येत नाही.

हेलिकॉप्टरसाठी तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी स्टुडंट पायलट लायसन्सची. यासाठी वयाची १६ वर्षं पूर्ण लागतात. हे शिकाऊ लायसन्स झालं. दुसरी पायरी प्रायव्हेट पायलट लायसन्स, म्हणजे पीपीएल. त्यासाठी वय १७, शिक्षण दहावी पास, क्लास टू मेडिकल आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. तिसरं कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल. त्यासाठी वय १८, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, क्लास वन मेडिकल आणि पीपीएलपेक्षा कितीतरी जास्त उड्डाणाचे तास लागतात.

जाहिरातीत जे सांगत नाहीत ते इथे आहे. पीपीएलवर तुम्हाला हेलिकॉप्टर उडवता येतं, पण त्याचा एक रुपयाही मोबदला घेता येत नाही. मित्राला शेगावला घेऊन जाऊ शकता, भाड्याने प्रवासी नेऊ शकत नाही. नोकरी पाहिजे तर सीपीएलला पर्याय नाही. म्हणजे ‘दहावी पास, पायलट व्हा’ हे वाक्य खोटं नाही, पण त्यातून ‘नोकरी’ हा शब्द गायब असतो. दहावीनंतर आर्ट्सला गेलेल्या मुलाने पीपीएल काढलं आणि पुढे सीपीएल करायचं ठरवलं, तर त्याला आधी मुक्त विद्यालयातून बारावीचं फिजिक्स-मॅथ्स काढावं लागतं.

मग ग्राउंड स्कूल कुठे येतं?

पायलटच्या शिक्षणाचे दोन भाग असतात. हवेतला आणि जमिनीवरचा. जमिनीवर, वर्गात बसून जो थिअरीचा अभ्यास होतो ते ग्राउंड स्कूल.

पीपीएलच्या लेखी परीक्षेचे विषय साधारण असे: हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि यंत्राची तांत्रिक माहिती. पास व्हायला ७० टक्के लागतात. शाळेतल्या ३५ टक्क्यांच्या सवयीला हा पहिला धक्का असतो. शिवाय वायरलेसवर बोलण्याची वेगळी परीक्षा असते, तिला सगळे आरटीआर म्हणतात. आधी ती दूरसंचार खातं घ्यायचं. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आल्यावर ते काम डीजीसीएकडे आलं.

परीक्षेला बसण्यासाठी डीजीसीएकडून ‘कॉम्प्युटर नंबर’ घ्यावा लागतो. हा तुमचा परीक्षार्थी म्हणून कायमचा क्रमांक. एखाद्या महागड्या क्लासलाच गेलं पाहिजे अशी अट या परीक्षेला नाही, पुस्तकं आणून स्वतः अभ्यास करणारेही असतात. क्लास लावायचा की नाही, हा सोयीचा प्रश्न आहे. उड्डाणाचे तास मात्र डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेतच होतात आणि त्या संस्थांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते. ‘आमचे ग्राउंड क्लासेस मान्यताप्राप्त’ असं कोणी म्हणालं, तर ती मान्यता उड्डाण शिकवण्याची आहे का, एवढं विचारायचं.

बुलढाण्याचं ऊन आणि कळसूबाईची हवा

आता अभ्यासाकडे. ग्राउंड स्कूलमधली सगळ्यात महत्त्वाची आणि विदर्भातल्या माणसाला लगेच पटणारी गोष्ट म्हणजे ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’.

हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात म्हणून ते वर उचललं जातं. हवा दाट असेल तर काम सोपं, विरळ असेल तर अवघड. उंचावर हवा विरळ असते हे शाळेत शिकवतात. पण हवा तापली तरी ती विरळ होते. म्हणजे उन्हाळ्यात यंत्राला वाटतं की आपण आहोत त्यापेक्षा बरेच उंच आहोत. यंत्राला ‘वाटणारी’ ही उंची म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड.

हिशोब करून बघू. बुलढाणा शहर घाटावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० फूट उंचीवर आहे. विमानशास्त्रात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान प्रमाण मानतात आणि दर हजार फुटांना ते सुमारे २ अंशांनी कमी होतं असं धरतात. म्हणजे बुलढाण्याचं प्रमाण तापमान झालं साधारण ११ अंश. मे महिन्यात दुपारी पारा ४० वर आहे. फरक २९ अंश. प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट वाढवायचे, हा ग्राउंड स्कूलमधला पाठ असलेला ठोकताळा. २९ गुणिले १२० म्हणजे जवळपास ३,५०० फूट. त्यात मूळचे २,१०० मिळवले की उत्तर येतं ५,६०० फूट. हवेचा दाब प्रमाणाइतकाच आहे असं इथे धरलंय.

कळसूबाईची उंची आहे सुमारे ५,४०० फूट. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी बुलढाण्याच्या मैदानावर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरला वाटत असतं की आपण महाराष्ट्रातल्या सर्वात उंच शिखराच्याही वर आहोत. आणि तिथून अजून उडायचंय.

घाटाखाली काय होतं? शेगाव सुमारे ९०० फुटांवर, पण तिथे पारा ४५ ला जातो. तोच हिशोब केला तर उत्तर ४,७०० फुटांच्या आसपास येतं. तुलनेला जानेवारीतली सकाळ घ्या. बुलढाण्यात ११ अंश असतील तर यंत्राला २,१०० फूटच वाटतात. जागा तीच, हेलिकॉप्टर तेच, पण त्याची ताकद वेगळी.

यातून पायलटला ठरवायचं असतं की आज किती माणसं न्यायची, किती इंधन भरायचं आणि दुपारऐवजी सकाळी निघायचं का. प्रशिक्षणासाठी जगभर वापरलं जाणारं रॉबिन्सन आर-२२ हे दोन सीटचं हेलिकॉप्टर बघा. त्याचं जास्तीत जास्त वजन ६२२ किलो चालतं. रिकामं यंत्रच चारशे किलोच्या आसपास. उरले सव्वादोनशे. शिक्षक आणि विद्यार्थी ८०-८० किलोचे असतील तर इंधनाला साठेक किलो उरतात. आणि हे झालं कागदावरचं कमाल वजन. उन्हात ते वजन घेऊन जमिनीपासून वर एका जागी तरंगता येईल का, हे वेगळ्या तक्त्यात बघावं लागतं. परीक्षेत हे तक्ते वाचायला लावतात.

२५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही क्षणांतच विजेच्या तारांत अडकून खाली आलं होतं. सुदैवाने आतले सहाही जण वाचले. अपघातामागे एकच कारण क्वचितच असतं. पण मे महिना, दुपारची वेळ, गावातलं मैदान आणि भोवती तारा, हे सगळं वाचलं की ग्राउंड स्कूलमधले शिक्षक तापमानाच्या तक्त्यावर इतका वेळ का घालवतात ते कळतं.

बुलढाणा ते लोणार, नकाशावर

दुसरा मोठा विषय नेव्हिगेशन. ‘जीपीएस आहे ना?’ हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतोच. जीपीएस असतं, पण परीक्षेत नकाशा, कोनमापक, पट्टी आणि फ्लाइट कॉम्प्युटर नावाची गोल सरकपट्टी घेऊनच बसायचं असतं.

समजा बुलढाण्याहून लोणारला जायचंय. नकाशावर सरळ रेष मारली तर अंतर येतं सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे ३८ नॉटिकल मैल. दिशा साधारण १५० अंश, म्हणजे दक्षिण आणि आग्नेय यांच्या मधली. हेलिकॉप्टरचा वेग ताशी ९० नॉट. वारा नसेल तर २५ मिनिटांत पोहोचायला हवं.

आता पश्चिमेकडून १५ नॉटचा वारा आहे. हवामानाच्या सांकेतिक भाषेत हाच वारा ‘२७०१५केटी’ असा लिहिलेला असतो. २७० अंशांकडून, १५ नॉट. या वाऱ्याकडे दुर्लक्ष करून नाक १५० वरच ठेवलं तर हेलिकॉप्टर हळूहळू डावीकडे, म्हणजे पूर्वेकडे ढकललं जातं. लोणारच्या रेषेत पोहोचेपर्यंत नऊ किलोमीटरपेक्षा जास्त बाजूला गेलेलं असतं. लोणारचं विवर पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं, वरून ओळखायला सोपं. तरी नऊ किलोमीटरवरून, धुरकट हवेत ते दिसेलच असं नाही.

म्हणून नाक वाऱ्याच्या दिशेला सुमारे ८ अंश वळवून १५८ वर ठेवायचं. हा वारा थोडा मागूनही लागतो, त्यामुळे २५ ऐवजी २४ मिनिटांतच पोहोचतो. इथे एक सोपा नियम कामी येतो: ६० मैलांवर १ मैलाची चूक म्हणजे १ अंशाची चूक. ३८ मैलांवर ८ अंश चुकलात तर ५ मैल बाहेर. सरकपट्टी न फिरवताही तोंडी उत्तर जुळतं.

नेव्हिगेशनचा अभ्यास म्हणजे अशीच गणितं, फक्त त्यात चुंबकीय दिशेचा फरक, होकायंत्राची चूक आणि इंधनाचा हिशोब मिसळलेला. नववी-दहावीची त्रिकोणमिती पक्की असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. पण ती पक्की नसेल, तर अडकायला होतं ते इथेच.

विमानाच्या पुस्तकात नसलेले धडे

नियम, नेव्हिगेशन, हवामान हे विमानाच्या आणि हेलिकॉप्टरच्या विद्यार्थ्यांना बऱ्यापैकी सारखंच. तांत्रिक विषयात रस्ते वेगळे होतात. बहुतेक ग्राउंड क्लासेस विमानाच्या विद्यार्थ्यांसाठी चालतात, त्यामुळे हेलिकॉप्टरचा विद्यार्थी तिथे गेला तर हा भाग त्याला वेगळा करावा लागतो. क्लास लावण्याआधी ‘हेलिकॉप्टरचं टेक्निकल कोण शिकवणार?’ हे विचारायला विसरू नये.

यात काय असतं? पुढे जाताना फिरणाऱ्या पात्यांपैकी एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं जातं आणि दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे जातं. दोन्ही बाजूंची उचलण्याची ताकद वेगळी होते. ती सारखी ठेवण्यासाठी पाती वर-खाली हलू देणारी रचना असते. हेलिकॉप्टरच्या वेगाला मर्यादा का असते याचं उत्तर याच धड्यात आहे.

मग ‘व्होर्टेक्स रिंग’. हेलिकॉप्टर जवळजवळ सरळ खाली, जास्त वेगाने उतरू लागलं की ते स्वतःच खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतं. अशा वेळी इंजिनची ताकद वाढवली तर भोवरा आणखी जोरात फिरतो. म्हणजे माणसाला जे सहज सुचेल तेच चुकीचं. पुढे किंवा बाजूला सरकून त्या हवेतून बाहेर पडणं हा उपाय. हे मैदानावर शिकायला वेळ नसतो, म्हणून वर्गात शिकायचं.

आणि ‘ऑटोरोटेशन’. इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, हा लोकांचा आवडता समज. तसं होत नाही. पायलटने लगेच डाव्या हातातला कलेक्टिव्ह दांडा खाली केला, तर खालून वर येणारी हवा पाती फिरवत राहते आणि शेवटी त्याच फिरण्याची ताकद वापरून उतरता येतं. आर-२२ सारख्या हलक्या यंत्रात हे ओळखून दांडा खाली करायला हातात एक-दोन सेकंदच असतात. तसंच कमी उंची आणि कमी वेग यांची काही जोडपी अशी आहेत की तिथे इंजिन गेलं तर ऑटोरोटेशनलाही जागा उरत नाही. त्याचा आलेख प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत असतो आणि परीक्षेतही येतो.

उतरण्याच्या जागेचाही वेगळा अभ्यास आहे. उतार किती, माती भुसभुशीत का, धूळ उडून समोरचं दिसेनासं होईल का, तारा कुठे आहेत, वारा कुठला. एक बाजू जमिनीत अडकली आणि यंत्र ठराविक कोनापलीकडे कललं तर ते पायलटला सावरता येत नाही, उलटतंच. ३ मे २०२४ ला महाडमध्ये सुषमा अंधारे यांना न्यायला आलेलं हेलिकॉप्टर तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरताना कोसळलं होतं, पायलट बचावला. २ ऑक्टोबर २०२४ ला पुण्याजवळ बावधनमध्ये सकाळी झालेल्या अपघातात तिघांचा जीव गेला. डोंगराळ भाग आणि धुकं यांचा उल्लेख तेव्हाच्या बातम्यांत होता. हवामानाच्या पेपरात धुकं कधी पडतं आणि ‘आज उडायचं नाही’ हा निर्णय कसा घ्यायचा, यावर जोर असतो तो यामुळे.

इंग्रजी आणि ‘नाइनर’

बुलढाण्यातला मराठी माध्यमाचा विद्यार्थी घाबरतो तो रेडिओच्या परीक्षेला. खरं तर इथे लागणारं इंग्रजी मर्यादित आणि ठरलेलं असतं. अक्षरांना अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणायचं. नऊ आकड्याला ‘नाइनर’ म्हणायचं, म्हणजे तो दुसऱ्या आकड्यासारखा ऐकू येत नाही. संकटात ‘मेडे’ तीनदा म्हणायचं. आणीबाणीची फ्रिक्वेन्सी १२१.५, ट्रान्सपॉन्डरचा कोड ७७००. रेडिओ बंद पडला तर ७६००. मात्र समोरच्याने दिलेली सूचना ऐकून जशीच्या तशी परत म्हणून दाखवणं याचा सराव लागतो. तो आरशासमोर किंवा मित्राबरोबर फुकटात होतो. लायसन्ससाठी इंग्रजी भाषेची चाचणीही असते, त्यात किमान लेव्हल फोर लागते.

पैशांचा क्रम

बुलढाणा जिल्ह्यात विमानतळ नाही. शेजारी जळगाव, अकोला, छत्रपती संभाजीनगर, अमरावती इथे धावपट्ट्या आहेत, पण आसपास जे नागरी प्रशिक्षण चालतं ते विमानाचं. राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत कमर्शियल पायलट प्रशिक्षणाची योजना राबवली होती, तीही विमानासाठीच. हेलिकॉप्टरचं नागरी प्रशिक्षण देशात मोजक्याच ठिकाणी होतं. त्यातलं एक नाव बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या रोटरी विंग अकॅडमीचं. बरेच जण परदेशात शिकून येतात, पण त्यांनाही भारतात लायसन्स बदलून घेताना इथल्या नियमांची परीक्षा द्यावी लागते.

हेलिकॉप्टरचा एक तास छोट्या विमानाच्या तासापेक्षा बराच महाग पडतो. त्यामुळे शेत विकून किंवा गहाण ठेवून पैसे उभे करणाऱ्या घराने क्रम उलटा लावायला हवा. आधी मेडिकल. कमर्शियल करायचं असेल तर क्लास वनच्या निकषांवर डोळे, रंग ओळखणं, कान, हृदय तपासून घ्यायचं. रंग ओळखण्यात अडचण निघाली तर पुढचा खर्च वाचतो. मग कॉम्प्युटर नंबर आणि लेखी पेपर. हा सगळ्यात स्वस्त टप्पा. नेव्हिगेशनचा पेपर निघतोय का, अभ्यासात मन लागतंय का, हे इथेच कळतं. उड्डाणाचे पैसे त्यानंतर भरायचे, तेही एकरकमी नाही. काही संस्था सगळी फी आधीच मागतात. तेव्हा प्रशिक्षण मध्येच थांबलं तर किती परत मिळणार, हे लेखी घेतलेलं बरं.

फी न भरता हेलिकॉप्टर

भारतातल्या नागरी हेलिकॉप्टर क्षेत्रात मोठ्या संख्येने सैन्यदलांतून निवृत्त झालेले पायलट दिसतात. कारण सरळ आहे. तिथे प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं आणि हजारो तासांचा अनुभव मिळतो.

आर्मीच्या हेलिकॉप्टर पायलटचं प्रशिक्षण महाराष्ट्रातच, नाशिकच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये होतं. ही संस्था २००३ मध्ये सुरू झाली. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक इथूनच आर्मी एव्हिएशनच्या पहिल्या महिला कॉम्बॅट पायलट म्हणून बाहेर पडल्या. हवाई दलाचे हेलिकॉप्टर पायलट हैदराबादजवळच्या हकीमपेटला, तर नौदलाचे तमिळनाडूतल्या आयएनएस राजालीवर शिकतात. ग्राउंड स्कूल तिथेही आहे. विषय तेच, वारा तोच, तक्ते तेच.

यासाठीचा दरवाजा दहावीनंतरच उघडतो. छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट ही राज्य सरकारची संस्था १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते. दहावीच्या वर्षात तिची प्रवेश परीक्षा असते. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. एनडीएतून हवाई दल किंवा नौदलात जायचं असेल तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. त्यामुळे अकरावीचा अर्ज भरताना शाखेच्या रकान्यात काय लिहायचं, हे आधीच ठरवावं लागतं.